गेटच्या बिजागरीतला रंग

फोंडा, गोवा
2 ऑगस्ट

प्रिय पात्रांव,

तुझंच बरोबर होतं. तुमच्या अण्णांची अँबॅसेडर गाडी हिरवी नव्हती. इतकी वर्षं मी हिरवी हिरवी म्हणत तुझ्याशी भांडलो. काल दुपारी तुमच्या गेटसमोर उकिडवा बसून पाहिलं, तर ती निळसर राखी निघाली. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण मला ते सावकाश, सगळं सांगायचं आहे.

गेली सहा-सात वर्षं मी छोट्या गाड्या रंगवतो हे तुला माहीत आहेच. बहुतेक तामिया या जपानी कंपनीची, सुटे भाग जोडायची 1:24 ची किटं, जपानी आणि इटालियन गाड्यांची. त्यातल्या कितीतरी गाड्या मी रस्त्यावर कधी पाहिल्याच नाहीत. कुठला रंग मारायचा ते किटाच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो आणायचा आणि मारायचा. यंदा मे महिन्यात म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेलो होतो. तिथे एका खेळण्यांच्या फळीवर प्लास्टिकची पांढरी अँबॅसेडर दिसली, मागे ओढून सोडली की पळणारी. घरी आणून पट्टी लावली, बारा सेंटिमीटर भरली. खरी गाडी 4325 मिलिमीटर लांब, म्हणजे प्रमाण 1:36 चं आलं. त्याच रात्री ठरवलं की हिची अण्णांची गाडी करायची.

खेळणं आणि किट यांत फरक असतो. किटात काचा, बंपर, जाळी सुटी येतात. इथे सगळं एकाच साच्यात ओतलेलं. दोन स्क्रू काढून बॉडी वेगळी केली, भांडी घासायच्या साबणाने धुतली. साच्याच्या जोडाची रेघ छपरावरून गेली होती, ती ब्लेडने खरवडली, खळग्यांत पुट्टी भरली आणि 400, 600, 1000 असे वॉटर पेपर ओले करून घासत गेलो. दारांच्या फटी मात्र सुईने आणखी खोल कोरून घेतल्या. का ते सांगतो. खऱ्या गाडीवरचा रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. तेवढाच थर या मॉडेलवर बसला, तर तो खऱ्या गाडीवर साडेतीन मिलिमीटर जाडीचं लिंपण दिल्यासारखा दिसेल. फटी बुजतात, कडा गोल होतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते. लोक तपशील तपशील म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आरसे आणि वायपर असतात. मला विचारशील तर पातळ रंग हाच सगळ्यात मोठा तपशील. तो दुधाइतका पातळ करायचा, पहिला हात नुसत्या धुक्यासारखा, आणि पुढचे हात आधीचा सुकल्यावरच. हा धीर मी इथल्या गणपतीच्या चित्रशाळेत बसून शिकलो. मूर्तीच्या गालाला लाली देताना तिथले चितारी कॉम्प्रेसरचा फवारा एका जागी क्षणभरसुद्धा थांबवत नाहीत.

जुलैत मात्र पावसाने माझी परीक्षा घेतली. पहिल्याच हाताला रंग ताकासारखा पांढुरका पडला. लॅकरमधलं थिनर झपकन उडतं, त्याने पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या रंगावर दंवासारखी उतरते. आपल्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवरही बुरशी चढते, मग रंगाचं काय! वर सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिला की थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि पांढुरकेपणा बराचसा जातो. पण मला समाधान वाटेना. सगळा रंग उतरवला. आता थिनर सावकाश उडावं म्हणून त्यात रिटार्डर घालतो, कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारी वाटी लावली आहे, आणि रंगवलेली बॉडी आईच्या कपड्यांच्या कपाटात ठेवतो. बुरशी येऊ नये म्हणून तिथे बल्ब लावलेला असतो ना, तिथेच. आई काही बोलत नाही, साड्या बाजूला सरकवून जागा करून देते.

रंग उतरवला ते एका परीने बरंच झालं, कारण मी तोवर हिरवाच मारत होतो.

तू फोनवर निळा म्हणालास आणि माझी झोप उडाली. आमच्याकडे तो फोटो आहे, मंगेशीच्या जत्रेचा, आपण दोघे बॉनेटला टेकून उभे असलेला. पण जुन्या रंगीत फोटोंमधला निळा आधी विरतो आणि सगळ्यावर तांबूस झाक चढते, त्यामुळे त्यात गाडी मातीच्या रंगाची दिसते. मला हिरवी का आठवत होती तेही आता कळलं. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि गाड्या फेरीबोटीने पणजीला जाऊ लागल्या, आठवतं? माझ्या मनातली गाडी त्या बोटीवरची आहे. भर पाऊस, भोवती गढूळ पाणी, पलीकडे बेतीची झाडी, आणि अण्णा खांद्यावरच्या पंच्याने काच पुसताहेत. ओल्या पत्र्यावर ती झाडी उतरली होती. मी इतकी वर्षं तिलाच गाडीचा रंग समजत आलो.

मग एकदम आठवलं की गाडी दुसऱ्यांदा रंगवली तेव्हा उरलेला डबा अण्णांनी गेटला मारला होता. काल माईंना विचारून बसलो. वर चॉकलेटी, त्याखाली काळा, त्याखाली तांबडा. समोरच्या बाजूला खालचा थर उन्हाने पार उडून गेलेला. म्हणून वरच्या बिजागरीच्या आतल्या अंगाला, जिथे कधी ऊन पोचत नाही, तिथे नखाएवढी जागा 1000 च्या पेपरने पाणी लावून घासली. झाडाच्या खोडात असतात तशी एकात एक रिंगणं उमटली आणि मधोमध तो उघडा पडला. माई दारातून खाली आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हाच." नंतर बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मीही काही बोललो नाही.

आज सकाळपासून प्लास्टिकच्या चमच्यांवर मिश्रणं करतोय. ओला रंग आणि सुकलेला रंग एक नसतात, म्हणून प्रत्येक चमचा सुकवायचा, गेटपाशी न्यायचा आणि उघडिपीची वाट बघत बसायचं. ट्यूबलाइटखाली जुळलेला चमचा बाहेर नेला तर भलताच दिसला. अकराव्या चमच्याला तंतोतंत जुळला. पण तो तसाच्या तसा मारायचा नाही. एवढ्याशा वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो, म्हणून त्यात पांढऱ्याचे थोडे थेंब टाकावे लागतात. किती, ते मापाने सांगता येत नाही, हातभर अंतरावरून बघून ठरवायचं.

बाकीचं भराभर सांगतो. दारांच्या फटींत काळ्याऐवजी पातळ गडद तपकिरी सोडणार, फिक्या रंगावर काळा ओरखड्यासारखा दिसतो. खिडक्यांच्या चंदेरी पट्ट्यांना बेअर-मेटल फॉइल, म्हणजे चिकटवायची पातळ धातूची पन्नी, लावणार. रंगाने तशी चकाकी येत नाही. नंबरप्लेट काळी, पांढऱ्या अक्षरांत गोव्याच्या जुन्या नोंदणीचं जीडीए. धुळीसाठी तुमच्याच कुंपणाचा चिऱ्याचा तुकडा खलात कुटून मलमलीतून गाळला आहे. ती फक्त मडगार्डच्या आत बसवणार. मॉडेल करणाऱ्यांना गाडी मळवायची फार हौस असते. पण उसगावच्या तिस्कावरून खनिजाच्या ट्रकांमागून लालभडक होऊन आलेली गाडी अण्णा रात्री बत्ती घेऊन धूत, हे आपण पाहिलेलं आहे. त्यांची गाडी मी मळकी करणार नाही.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरची मूठ काळी होती की हस्तिदंती? आणि मागच्या काचेपाशी माईंनी विणलेलं एक आसन असायचं. मला ते लाल आठवतं, पण आता माझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही. माईंना विचारलं तर म्हणाल्या, त्याला विचार, तो त्यावरच डोकं ठेवून झोपायचा.

चवथीला येशील तोवर रंग चांगला घट्ट झालेला असेल. वरचा चकाकीचा हात मी मुद्दाम राखून ठेवतोय. आधी तू ती उन्हात धरून बघ.

तुझाच,
पात्रांव