डबा कोरडा होता

प्रिय दिन्या,

फोनवरच सांगणार होतो, पण तू दोन मिनिटांत "बरं ठेवतो" म्हणतोस, म्हणून लिहूनच टाकतो. परवा नागपूरच्या मेट्रोनं बर्डीहून प्रजापती नगरकडे जाऊन राहिलो होतो, खिडकीशी जागा भेटली, अन् एकदम समोर आपली टॉकीज. पाडून राहिले बे. पडदा गेला, बाल्कनी गेली, प्रोजेक्टरच्या केबिनची भिंत तेवढी उभी, अन् तिच्यात ती चार भोकं, दोन मशीनची अन् दोन आपल्या डोळ्यांची. त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. उतरायचं स्टेशन मागे गेलं ते समजलंच नाही.

नातू म्हणतो आबा, तुम्ही तं सगळे पिक्चर फुकटात पाहिले असतील. काय सांगू त्याला. 2000 फुटांचं रीळ 22 मिनिटांत संपते, अन् संपायच्या आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका की चेंजओव्हर, म्हणजे हे मशीन बंद अन् पडद्यावर दुसऱ्याचं चित्र. हीरो मरून राहिला असो का हिरोईन नाचून राहिली असो, आपली नजर कोपऱ्यात. आजही टीव्हीवर जुना पिक्चर लागला की मी तिकडेच पाहतो, बायको म्हणते तिथं पाल आहे का.

अन् मशीनमध्ये उजेडासाठी जाळायचे ते कार्बन, बाप्पा! दोन कांड्यांमधलं अंतर जरा वाढलं की ज्योत फडफडली, पडदा पिवळा, खालून शिट्ट्या. काळ्या काचेतून पाहत नॉब फिरवत बसायचं. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री, केबिनमध्ये तं विचारूच नको, मी बनियनवर शो काढायचो अन् कूलर कुठे, तं मालकाच्या ऑफिसात. उरलेल्या तुकड्यांवर तांब्याचा मुलामा असायचा म्हणून भंगारवाला ते घ्यायचा, आपला तर्री-पोहा त्यातूनच निघायचा. मालकाला हे अजून माहीत नाही, तूही सांगू नको.

मग कार्बनच्या जागी झेनॉनचे दिवे आले, 2005 नंतर हळूहळू सॅटेलाइटवरून पिक्चर यायला लागले, रिळांचे डबे बंद, ठिपके बंद, मी बटन दाबून खुर्चीवर. मार्च 2020 ला कुलूप लागलं ते लागलंच.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तो पावसाचा दिवस आठवते का? प्रिंट एकच, बर्डीवरच्या टॉकीजमध्ये अन् आपल्याकडे मिळून, त्यांचा शो पाऊण तास आधी. तिकडे रीळ उतरलं की तू डबा सायकलवर बांधून निघायचा अन् माझं चालू रीळ संपायच्या आत जिन्यावर तुझ्या चपला वाजायच्या. त्या दिवशी वाजल्याच नाहीत. आधी जाहिरातीच्या स्लाइड टाकल्या, मग नाइलाजानं मागच्या रिळातलं गाणं परत लावलं, पब्लिकला वाटलं वन्समोअर, पोट्ट्यांनी चिल्लर उडवली, तिसऱ्यांदा तेच गाणं लागलं तशा माझ्या नावानं शिव्या सुरू. मॅनेजर दारात उभा राहून पगार कापायचं बोलून राहिला होता.

अन् तू आला, डबा डोक्यावर, कमरेपर्यंत चिखल. मी डबा हिसकला अन् तुझ्या बापापासून सुरू झालो. झाकण उघडलं तं रीळ कोरडं ठणठणीत. तू काहीच बोलला नाही, रीळ पुसायच्या माझ्या मखमली फडक्यानं डोकं पुसत राहिला, अन् मी त्यावरूनही बोललो!

शो सुटल्यावर गेटकीपरनं सांगितलं, लोहापुलाखाली पाणी भरलं होतं, दिन्यानं सायकल तिथंच सोडली अन् डबा डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत आला. मी केबिनमध्ये जाऊन रीळ उलटं गुंडाळत बसलो. दुसऱ्या दिवशी तू पायीच आला होता हे पाहिलं मी, पण तुला काही विचारलं नाही, आपण पोहे खाल्ले अन् तिकडच्या ऑपरेटरला नावं ठेवली.

पुण्याला लेकाकडे राहायला गेला तेव्हाही स्टेशनवर हेच तोंडावर आलं होतं, गाडी सुटली.

सायकल भेटली होती का रे मग?

तुझा,
बाळ्या