हार्प्सिकॉर्ड म्हणजे साथीची पेटी नव्हे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या व्हायोलिन सोनाटांच्या (म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनांच्या) कार्यक्रमाचं परीक्षण वाचलं, मी पण होतो तिथे, तिसऱ्या रांगेत. व्हायोलिनवाल्याचं कौतुक केलंय ते बरोबरच आहे पण 'हार्प्सिकॉर्डची संयमित साथ लाभली' (हार्प्सिकॉर्ड म्हणजे पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं तारवाद्य) हे वाचून राहवेना. संयमित कसली, ऐकूच येत नव्हती! खरा हार्प्सिकॉर्ड नव्हताच, इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर तो आवाज लावला होता (आपल्याकडे तेवढं चालायचंच) आणि साऊंडवाल्याने पेटीचा ठेवतात तसा त्याचा व्हॉल्यूम खाली ठेवला. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष, पत्रिकेवरच 'साथ' छापलं होतं.

अहो, या सहा सोनाटांची गंमतच ती आहे की इथे कोणी कोणाची साथ करत नाही. त्या काळी रिवाज असा की व्हायोलिनचं सगळं लिहायचं आणि कीबोर्डवाल्याला नुसती खालची बासची ओळ, तिच्यावर कोणते सूर जोडायचे ते सुचवणारे आकडे, उजव्या हाताने काय भरायचं ते त्याचं त्याने बघावं. ती झाली साथ. बाखने इथे उजव्या हाताचंही बहुतेक सगळं सुरासुरासकट लिहून टाकलं, म्हणजे व्हायोलिन एक, उजवा हात दुसरा आणि डावा तिसरा असे तीन गळे झाले, व्हायोलिनने एखादी जागा घेतली की मागोमाग उजवा हात तीच जागा घेतो, कधी तोच आधी घेतो आणि व्हायोलिन मागून येतं. जुन्या हस्तलिखितावर तर नावातच आधी चेंबालो (म्हणजे हार्प्सिकॉर्डच) आहे, व्हायोलिन नंतर. आणि बाख १७१९ मध्ये जर्मनीतल्या क्योथेनच्या दरबारासाठी, जिथे तो नोकरीला होता, मीट्केने बनवलेला मोठा हार्प्सिकॉर्ड आणायला स्वतः बर्लिनला गेला होता, तो काय कोपऱ्यात ठेवायला?

पाचव्या, म्हणजे एफ मायनर सोनाटातलं अडाजिओ, म्हणजे संथ लयीचा भाग, घ्या. व्हायोलिन दोन-दोन तारांवर जोडसूर धरून संथ चालतं आणि धावतो कोण तर हार्प्सिकॉर्ड, दोन्ही हातांनी, जलद सुरांच्या लडीच्या लडी. परवा आम्हाला फक्त ते जोडसूरच ऐकू आले, शेजारचे काका म्हणाले ट्यूनिंग चाललंय का. सहाव्यात मधला एक भाग एकट्या हार्प्सिकॉर्डचाच आहे, व्हायोलिनवाला वाद्य खाली घेऊन नुसता उभा, तेव्हा घाईघाईने व्हॉल्यूम वर गेला आणि व्हायोलिन सुरू झालं की परत खाली!

मूळ वाद्यात पट्टी दाबली की पिसाची बारीक काडी तार छेडते, बोट कितीही जोरात मारा, आवाज फारसा वाढत नाही, त्यामुळे तोल व्हायोलिनवाल्यालाच सांभाळावा लागतो. इथे तर माईक हाताशी होता, निदान दोघांचा सारखा तरी ठेवायचा.

बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने वडील जाऊन २४ वर्षं झाल्यावर, १७७४ मध्ये, लिहिलं होतं की या सोनाटा वडिलांच्या उत्तम कामांपैकी आहेत आणि अजूनही छान वाटतात. आम्हाला अर्धंच ऐकायला मिळालं.

आणि हो, कीबोर्ड वाजवणाऱ्या ताईंचं नाव परीक्षणात कुठेच नाही. तेवढं पुढच्या रविवारी छापा.

आपला,
एक जुना वाचक, पुणे