आंदेनेसच्या बोटीत बसण्याआधी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये मैत्रिणींबरोबर नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून आंदेनेसला देवमासे बघायला जाणार आहेस, असं आईकडून कळलं. तिकीट काढण्याआधी हे वाच.

परतीचा प्रवास त्याच संध्याकाळी ठेवू नकोस. आंदेनेस आन्दोया बेटाच्या उत्तर टोकाला आहे. पुढे नुसता उघडा समुद्र, आडोसा कसलाच नाही. बोट सोडायची की नाही हे त्या दिवशीचा वारा बघूनच ठरतं. दोन दिवस हाताशी ठेव आणि पहिल्याच दिवसाचं तिकीट काढ, म्हणजे फेरी रद्द झाली तर दुसरा दिवस उरतो. वाटेतल्या ग्रिल्लेफ्योर्डहून येणारी उन्हाळी फेरीबोटही उघड्या समुद्रातूनच येते, तेव्हा तिच्याही भरवशावर घट्ट वेळापत्रक आखू नकोस.

'यर' या नॉर्वेच्या हवामानाच्या साइटवर वारा मीटर प्रति सेकंदात देतात, 3.6 ने गुणलंस की ताशी किलोमीटर. 5 पर्यंत उत्तम. 8 च्या पुढे लाटांचे माथे जिकडेतिकडे फुटून पांढरे होतात आणि त्या पांढऱ्यात देवमाशाचा फवारा शोधणं कठीण जातं. 10.8 पासून नॉर्वेत त्याला 'लिटेन कूलिंग', म्हणजे जोराचा वारा, म्हणतात, तेव्हा डेकवर धड उभंही राहता येत नाही. पण नुसता आकडा बघणारा फसतो. आग्नेयेचा वारा बेटावरून, आपल्या मतलईसारखा जमिनीकडून येतो. त्याला लाट उठवायला जागाच मिळत नाही. तोच वायव्येचा असला की शेकडो किलोमीटर पाणी ढकलत येतो, आणि तो पडल्यावरही लाटा दुसऱ्या दिवसापर्यंत येत राहतात. म्हणून लाटेची उंची आणि दोन लाटांमधला वेळ, दोन्ही बघ. 2 मीटरची लाट दहा सेकंदांनी आली तर बोट झुलते. पाच सेकंदांनी आली तर आदळते.

बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घे आणि निघण्याआधी घे. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. झोप येते, त्यामुळे त्या दिवशी गाडी तू चालवू नकोस. उपाशी जाऊ नकोस, दोन तास आधी कोरडा पाव खा. बोटीवर मागच्या अर्ध्या भागात, खालच्या डेकवर उभी राहा, कारण पुढचं टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं. थंडी वाजली की लोक केबिनमध्ये शिरतात आणि तिथेच आजारी पडतात. नजर क्षितिजावर ठेव, मोबाइलमध्ये नको. ओकारी आलीच तर वारा पाठीवर येईल त्या कठड्याला जा.

अंगालगत लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, वरून वारा अडवणारं जॅकेट. जीन्स नकोच, भिजली की वाळत नाही. मोज्यांचे दोन जोड कोंबून बूट घट्ट करू नकोस, पाय उलट जास्त गारठतात. बोटीवरचा जाड सूट चढवायच्या आधी शौचालयात जाऊन ये. हे मुद्दाम लिहितोय.

तिथे प्रामुख्याने स्पर्म व्हेल दिसतो. आपल्याकडे ज्याच्या 'उलटी'च्या तस्करीच्या बातम्या येतात, तोच. इतक्या उत्तरेला फक्त नरच येतात. माद्या आणि पिल्लं उबदार पाण्यात राहतात. बेटावरच्या ब्लाइक गावाजवळ समुद्राचा तळ किनाऱ्यापासून फार दूर न जाताच हजार मीटरपेक्षा खोल जातो, खाद्य तिथे, म्हणून हेही तिथे. त्याचा फवारा सरळ वर जात नाही, पुढे आणि डावीकडे कलतो. पाठ पाण्यात पडलेल्या ओंडक्यासारखी दिसते. आठ-दहा मिनिटं श्वास घेतो, मग पाठीची कमान करून शेपटी वर काढतो आणि अर्धा-पाऊण तास गायब. तेवढा वेळ खलाशी पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनवर त्याची टकटक ऐकतात. ती थांबली की बहुधा तो वर यायला निघालेला असतो. कॅमेरा तेव्हा हातात घे. त्याआधी दुर्बिणीतून शोधत बसलीस तर मळमळ ठरलेली.

'अकरा वाजता' असं कोणी ओरडलं तर घड्याळ बघू नकोस. ती दिशा असते, बोटीचं पुढचं टोक म्हणजे बारा.

शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून कमी वेळाचा ठेव, जादा बॅटरी आतल्या खिशात. परतल्यावर कॅमेरा बॅगेत बंद ठेवून तसाच खोलीत ने, नाहीतर भिंगावर दव धरतं. काचेवरचं मीठ कोरड्या कापडाने घासू नकोस, ओरखडे पडतात. आधी ओलसर कापड फिरव.

रबरी वेगवान बोटीचा मोह होईल. मैत्रिणीची पाठ दुखते म्हणालीस ना? मग मोठीच बोट घे. तारीख ठरली की कळव, मीही इथून वारा बघत जाईन.

तुझे,
बाबा