तात्या, त्या नकाराबद्दल आभार

तात्या, सादर नमस्कार.

चार वर्षांपूर्वी तुमच्या खळ्यात उभी राहून मी विचारलं होतं, रानात औषधी सर्पगंधेची झाडं कुठे मिळतील? सुपारी कातरता कातरताच तुम्ही म्हणालात, "जागा दाखवूचंय नाय. बियो देतंय, घेवन जा." फार राग आला होता तेव्हा. त्याआधी विकत आणलेलं वाळकं बी पेरून एक कोंबही दिसला नव्हता, आणि तुम्ही पुन्हा बीच देत होतात!

पण करवंटीभर काळी फळं दिलीत ती झाडावरून नुकती उतरवलेली. वाळूत चोळा, पाण्यात टाका, तरंगेल ते पोकळ, असं बजावलंत. 140 बियांमधल्या 58 बुडाल्या, त्यांतून 23 रोपं आली. किंजळ-ऐनाच्या सावलीत वाफे करायला मी पातेरा, म्हणजे खाली पडलेला पाला, झाडून काढला, तर तुम्ही तो पुन्हा आणून पसरायला लावलात. नऊ रोपं मात्र पहिल्या पावसाळ्यात कुजली. उतारावर उंच वाफे कर म्हणाला होतात. मी सखल जागा धरली. चूक माझीच.

तुमच्या लहानपणी व्यापारी पोत्यांनी मुळं न्यायचे, हे मला गोष्टच वाटायची. मग वाचलं, की रक्तदाबावर सर्पगंधेच्या वापराचा लेख मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिला आणि 1952 मध्ये मुळातून रेसर्पिन हे रक्तदाबाचं औषध वेगळं काढलं गेलं. औषध मुळात, म्हणजे मूळ गेलं की झाडच गेलं. पोती कुठून भरली आणि तुम्ही जागा का लपवलीत, दोन्ही कळलं.

यंदा थंडीत पानगळ झाल्यावर पहिलं झाड खणलं. ओढलं नाही, बाजूची माती मोकळी केली. ऐवज सालीत असतो म्हणून धुतानाही घासलं नाही. सालीचा कण जिभेला लावला, कडूजहर! (नाही, काढा करून पीत नाही. तुमचा दम लक्षात आहे.) मुळाचे बोटाच्या पेराएवढे चार तुकडे परत मातीत घातलेत, तीन फुटलेत.

उरलेल्या झाडांना लाल देठांची पांढरी फुलं आली आहेत. फळं पाखरांच्या आधी माझ्या हाती लागली, तर भाद्रपदात तुमची करवंटी भरून परत करीन.

तुमची,
वरच्या वाडीतली सून