टाइम ऑफिसच्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. अर्ज पाठवून मोबाईलकडे बघत बसलेले पुष्कळ जण आहेत आणि प्रत्येकाच्या खालच्या मजल्यावर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या खात्यातून, रिटायर झालेले काका राहत नाहीत.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर चाकण, भोसरी, रांजणगाव, जिथे जागा दिसेल तिथे मी अर्ज टाकत होते. उत्तर येत नव्हतं, आणि पुन्हा विचारावं की नाही ते कळत नव्हतं. घरचे म्हणत, मागे लागल्याशिवाय काम होत नाही. मैत्रिणी म्हणत, फोन केलास की नाव कटलंच. तुम्ही एवढंच विचारलंत, "आज तारीख काय?"

लहान कंपनीत भरती बघणारा माणूसच बहुधा हजेरी आणि पगारही बघतो, हे मला कुठे ठाऊक होतं? महिनाअखेरीला मस्टर (हजेरीपट), ७ तारखेच्या आत पगार, १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) भरणा. त्या धबडग्यात "माझ्या अर्जाचं काय झालं?" असं विचारणाऱ्याला तो काय सांगणार! तुम्ही मला १६ तारखेपर्यंत थांबवलंत (तेव्हा रागच आला होता) आणि फोनही जेवणाची सुट्टी संपल्यावरच करायला लावलात.

मेल तर जवळजवळ नव्याने लिहून घेतलात. आधीच्याच मेलला रिप्लाय, म्हणजे त्यांना रिझ्युमे शोधायला नको. विषयात पदाचं नाव आणि जॉब कोड. "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" हे वाक्य खोडून तिथे घातलंत, "दरम्यान सीएमएम मशीनवर मोजमाप घेण्याचं ट्रेनिंग पूर्ण केलं आहे, लगेच रुजू होऊ शकते." त्यांच्या उपयोगाचं काही नसेल तर मेल पाठवूच नकोस, असं तुमचं म्हणणं.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. इंटरव्ह्यू होऊन दुसऱ्याची निवड झाली, तेव्हा मी ती कंपनी डोक्यातून काढून टाकली होती. तुम्ही सांगितलंत की निवडलेल्या माणसाचा नोटीस पिरियड कधी कधी ९० दिवसांचाही असतो. तेवढ्यात तो नवं ऑफर लेटर जुन्या साहेबांना दाखवून पगार वाढवून घेतो आणि तिथेच राहतो. जागा पुन्हा रिकामी होते, आणि नव्याने जाहिरात, चाळणी, इंटरव्ह्यू कुणालाच नको असतं. म्हणून दीड-दोन महिन्यांनी दोन ओळी पुन्हा टाकायच्या. मी टाकल्या आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. निवडलेला मुलगा हजर झालाच नव्हता.

एका बाबतीत मात्र आपलं पटत नाही. छापील रिझ्युमे घेऊन गेटवर जाणं भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपला ठीक आहे, तिथे मालक स्वतः भेटतो. मोठ्या कंपनीत तो कागद सिक्युरिटी केबिनच्या पुढे सरकत नाही. तुम्ही वाद घालणार, घाला.

आणि हो, एका कन्सल्टन्सीने लगेच गोड उत्तर देऊन गेटपास आणि युनिफॉर्मचे पैसे मागितले होते, तेव्हा तो नंबर तुम्ही समोर बसून ब्लॉक करायला लावलात. त्याबद्दल आईकडूनही आभार.

क्वालिटीत आता मी कायम झालेय. रविवारी काकूंच्या हातचा चहा घ्यायला येते. धाकटी मावसबहीणही सोबत असेल, तिचा मेल तुम्हाला दाखवायचाय. सहानुभूतीचं वाक्य तिनेही घातलंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची