जीपखाली जाण्याआधी

चिपळूण,
रविवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो दादाने मोठा करून दाखवला. मागचं डावं चाक हवेत, ॲक्सलखाली बाटली जॅक आणि जीपखालून बाहेर आलेले तुझे पाय. गाडीला आधार देणारा स्टँड एकही नाही. फोनवर माझा आवाज चढला, तू फोन ठेवलास. आता रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

‘हँडब्रेक ओढला होता’ म्हणालीस. अगं, आपल्या सीजे ३बी जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसच्या मागे, मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी जो ड्रम आहे, त्याला तो धरतो. शाफ्ट धरला तरी दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल मोकळंच. मागचं एक चाक उचललं की ते हवेत उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं फिरतं आणि हँडब्रेक घट्ट ओढलेला असतानाच गाडी जॅकवरून निसटते. गिअर टाकलास तरी तेच. त्यातून तू बदलतेयस ते ट्रान्स्फर केसचं मागचं सील गळून तेल उतरतं त्याच ड्रमात. तो काय धरणार! आणि प्रॉपेलर शाफ्ट सोडवलास की मागच्या चाकांना थोपवणारं काहीच उरत नाही.

खरं तर या कामाला चाक उचलायचं कारणच नाही. सपाट जागा बघ, चारही चाकं जमिनीवर ठेव, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लाव. मग खुशाल खाली जा.

ट्रान्स्फर केसचं तेल आधी काढून घे. प्रॉपेलर शाफ्टचे यू-बोल्ट सोडवलेस की क्रॉसच्या टोप्या दोरीने बांध, नाहीतर नीडल रोलर मातीत सांडतील. योकच्या, म्हणजे शाफ्ट जोडतो त्या तुकड्याच्या, नटाची स्प्लिट पिन काढ. फोर व्हील आणि पहिला गिअर टाकलास की नट सोडताना शाफ्ट फिरणार नाही. योक पुलरनेच ओढ, हातोडा लावू नकोस. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे योकवर नख फिरव. खाच लागली तर योक बदल, नाहीतर नवं सीलही गळेल. सीलचा ओठ आतल्या बाजूला, त्याला तेल लावून, वर सपाट लाकूड धरून चहूबाजूंनी थोडं थोडं ठोक. स्प्लाइनला सीलंट लाव. तेल तिथूनही येतं आणि दोष सीलला मिळतो. बेअरिंगची कॅप उघडू नकोस. उघडलीसच तर तिच्याखालच्या शिम होत्या तशा परत घाल, शाफ्टचा खेळ 4 ते 8 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) राहिला पाहिजे. तेल प्यालेलं ब्रेकचं लायनिंग पेट्रोलने धुऊन सुधारत नाही, नवंच घाल. स्प्लिट पिन नवी. 90 नंबरचं जीएल-४ तेल, साधारण दीड लिटर, भरायच्या भोकापर्यंत.

आणि पाने इंचातलेच वापर. 15 चा पाना 9/16 ला बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खातो. हे तुला सांगायची गरज नाही म्हणा. पहिलीत होतीस तेव्हा अण्णा गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे आणि तू न विचारता बरोबर पाना त्यावर ठेवायचीस. अण्णा सगळ्या गल्लीला सांगत सुटायचे. तेव्हाही त्यांच्या डोक्याशी सागाचा ओंडका फ्रेमखाली असायचाच, तो तूच ढकलत आणायचीस. आठवतो ना?

बघ, पुन्हा तिथेच आले. भाषण झालं, माफ कर. तू ही गाडी पुण्याला नेलीस आणि एकटी उघडलीस, याचा मला किती अभिमान वाटतो ते फोनवर सांगायचं राहिलं. पुढे लांब शॅकल (पाट्यांच्या टोकाचे दुवे) घालून गाडी उंच करायचं म्हणतेयस, त्यावर नंतर बोलू. पुढचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन, कमी होतो, स्टिअरिंग भटकतं. घाई करू नकोस. डावीकडच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, पान्यावर उभी राहू नकोस. तेवढ्या हिसक्यानेही गाडी जॅकवरून उतरते.

उद्याच्या एसटीने दोन स्टँड पार्सल करतेय. चाक उचलावंच लागलं तर ते फ्रेमखाली लाव आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने हलवून बघ. आल्यावर स्टँड लावलेल्या गाडीचा फोटो पाठव. तोवर ते चाक खाली उतरवून ठेव.

तुझी,
आई