लक्ष्मी रोड एकदाच करा, पण नीट करा

संपादक महोदय,

महापालिकेला सांगणं एवढंच, पुण्यातल्या लक्ष्मी रोडचं काम जेव्हा कधी काढाल तेव्हा आधी जमिनीखालचं बघा, ड्रेनेज, पाण्याची लाइन, केबल सगळं एकदाच टाकून घ्या, नाहीतर वर डांबर पडलं की परत खोदाई सुरू, हे आम्ही पेठेतले लोक कायम बघतोय. माझ्या आईचे गुडघे दुखतात, फुटपाथची उंच पायरी तिला चढवत नाही, मग हातात पिशवी धरून गाड्यांच्या कडेकडेने चालते, जीव मुठीत असतो अगदी. 11 डिसेंबर 2021 ला पादचारी दिनाला गाड्या बंद होत्या तेव्हा तीच आई निवांत रस्त्याच्या मधून चालली! जंगली महाराज रोडसारखा रुंद, सपाट फुटपाथ इथे पण हवाच. आणि माल उतरवायची वेळ दुकानदारांना विचारूनच ठरवा.

एक रहिवासी, नारायण पेठ, पुणे